एकदाच विचारणाऱ्यांच्या गावात

परत येऊन महिना होत आला, तरी इंझोरीत रोज कोणीतरी विचारतंच की तिकडे जाऊन तू नेमकं काय शिकलीस. परदेशी गेलेली पोरगी म्हणजे एक तर डॉक्टर व्हायला गेलेली, नाही तर कॉम्प्युटरसमोर बसायला गेलेली, एवढाच आमच्याकडचा हिशेब. हॉटेलात काम शिकायला गेले होते म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मंगरूळपीरच्या स्टँडवर एका ओळखीच्या काकांनी तर सरळच विचारलं, "भांडे घासाले एवढ्या दूर काहून गेली वं? इथं का हॉटेलं नाईत?" मी म्हटलं, काका, भांडी तिथं मशीन घासतं, पण एका गाईपायी मला परत पाठवायची वेळ आली होती. हे ऐकून काकांनी हातची बस जाऊ दिली आणि बाकावर नीट मांडी घालून बसले. त्यांना सांगितलं ते इथे जरा सावकाश सांगते.

मी अमरावतीला हॉटेल मॅनेजमेंट शिकते. शेवटच्या वर्षी सहा महिने कुठेतरी प्रत्यक्ष काम करावं लागतं. माझा विषय शाश्वत पर्यटन. ज्या गावात पाहुणे येतात त्या गावाचं पाणी, जंगल, गुरंढोरं पाहुण्यांपायी संपू नयेत, असा त्याचा सरळ अर्थ. परीक्षेत मी तो मोठ्या अक्षरात, खाली रेघ मारून लिहिला होता. सरांनी सुचवलेल्या हॉटेलांतलं एक ऑस्ट्रियात होतं, टिरोल नावाच्या डोंगराळ मुलखात. स्वतःच्या गाई, स्वतःचं चीज, स्वतःचा भाजीमळा. अर्ज केला आणि निवड झाली. बाबांनी एवढंच विचारलं, "गाई हायेत नं तिथं? मंग जमते तुले."

विमानाचं वर्णन करत नाही. रात्रभर गुडघे दुमडून बसायचा अनुभव नागपूरच्या ट्रॅव्हल्समध्येही मिळतो.

टिरोल, पहिलं ताट

एप्रिलचा महिना होता. निघताना इंझोरीत चप्पल काढली की पाय भाजत होते आणि इथे डोंगराच्या माथ्यावर बर्फ होता. आमच्याकडे नजर टाकली की ती तुरीच्या, सोयाबीनच्या वावरांवरून सरळ आभाळाला जाऊन टेकते. इथे खिडकी उघडली की डोंगर समोर आडवाच. पहिले दोन दिवस मला कोणीतरी दार लावून घेतल्यासारखं वाटत होतं. मग हळूहळू खाली लक्ष गेलं. हिरवं कुरण, लाकडी सज्जांची घरं, गोठ्यातून येणारा घंटांचा आवाज आणि दिवसरात्र कुठेतरी वाहणारं पाणी. पाण्याचा तो आवाज ऐकून आधी मला नळ बंद करायला उठावंसं वाटायचं.

हॉटेल वीसेक खोल्यांचं. मालकीण ख्रिस्टा, पन्नाशीची, बाह्या कायम वर केलेल्या आणि चाल अशी की तिच्याशी बोलायचं तर सोबत पळावं लागे. तिचे सासरे सेप पंचाहत्तरीच्या पुढचे. त्यांचं राज्य गोठ्यात. त्यांना इंग्रजी जेमतेम आणि मला जर्मन त्याहून कमी, त्यामुळे आमचं सगळं बोलणं हातवाऱ्यांनी चाले.

कामाला येणाऱ्यांचं जेवण स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलावर होई. पहिल्या संध्याकाळी ख्रिस्टानं बटाटे आणि चीज परतलेला तवा आणला, माझ्या ताटात एक डाव वाढला. मी तो कधी संपवला मलाच कळलं नाही. प्रवासानं पोटात कावळे ओरडत होते. तिनं विचारलं, "आणखी?"

आता आपल्याकडे पहिला 'नको' हा नको नसतोच. तो म्हणायचा असतो. वाढणारीनं मग "असं कसं, घ्या न थोडं" म्हणायचं, आपण ताटावर हात आडवा धरायचा, तिनं बोटांच्या फटीतून वाढायचं. लहानपणापासून हे असंच बघितलेलं. दुसऱ्याच्या घरी विचारताक्षणी हो म्हणणारं माणूस म्हणजे हावरट. तर मी हसून, मान खाली घालून म्हटलं, नको.

"बरं," म्हणून ख्रिस्टा तवा घेऊन गेली.

मला वाटलं, परत येईल. नाही आली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी खोलीत बसून मी आईनं दिलेली दाण्याची चटणी नुसतीच बोटानं खात होते तेव्हा तिचा फोन आला. जेवली का, या प्रश्नाला मी हो म्हटलं, पण आई ती आईच. आवाजावरून ओळखलं. सगळं सांगितल्यावर तिला हसावं की रडावं कळेना. शेवटी म्हणाली, "मंग पहिल्या खेपेलेच हाव म्हनत जाय. तिथं तुले कोन ओळखून राह्यलं?"

चौथ्या दिवशी ख्रिस्टानं विचारायच्या आधीच मी ताट पुढे केलं. तिनं दोन डाव वाढले आणि पुढच्या ताटाकडे वळली. मला एवढं हलकं वाटलं की विचारू नका.

दुसऱ्यांची ताटं

पहिला महिना परीक्षेचा होता. तो नीट गेला तर पुढे राहायचं, नाही तर कॉलेजला कळवून परत. ख्रिस्टानं हे पहिल्याच दिवशी मान्य करून घेतलं होतं. तशी ती शिकवायला फार चांगली. टॉवेल रोज न धुता पाहुण्याला विचारून धुवायचे, आंघोळीचं पाणी लाकडाच्या ढलप्यांवर तापवायचं, भाजी खोऱ्याबाहेरची आणायची नाही, शिळ्या ब्रेडचे गोळे करून उकडायचे. हे गोळे पाहून मला शिळ्या पोळीचा कुस्करा आठवला. मनात म्हटलं, ह्यात शिकण्यासारखं काय आहे, आमच्या घरी सगळं असंच तर चालतं. थोडी मिजासच चढली म्हणा ना.

मग मला जेवणघरात वाढायला लावलं आणि मिजास उतरायला सुरुवात झाली. उरलेलं अन्न रोज एका डब्यात पडे, त्याचं वजन होई आणि ते दारामागच्या फळीवर खडूनं लिहिलं जाई. मी वाढायला लागल्यापासून आकडा चढू लागला. ख्रिस्टानं दोन दिवस नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी एक म्हातारं डच जोडपं जेवत असताना ती दारात उभी राहिली. मी आजोबांना गोळे वाढायला गेले, ते नको म्हणाले, मी म्हटलं, घ्या हो, एकच, आमच्या इथला खास आहे. जणू काही तो मीच उकडला होता. त्यांनी घेतला. आजींनीही घेतला. मग दोघंही सुरीकाट्यानं तो ताटात इकडून तिकडे ढकलत बसले. उठताना आजोबा हळूच म्हणाले, तुला वाईट वाटू नये म्हणून घेतला होता गं.

म्हणजे मी आग्रह करायला शिकलेली आणि ते नाही म्हणायला शिकलेलेच नव्हते. निदान दोनदा नाही म्हणायला तरी नाही. ख्रिस्टा रागावली नाही. म्हणाली, "एकदा विचार. नको म्हणाले तर त्यांना खरंच नको असतं. त्यांच्यावर विश्वास ठेव."

त्या रात्रीपासून मी एकदाच विचारू लागले. वाढणाऱ्या बाईनं एकदा विचारून पुढे जाणं हे आमच्या गावात भांडण झाल्याचं लक्षण आहे. पण फळीवरचा आकडा उतरला. तरी माझ्या हातानं डब्यात गेलेलं ते अन्न डोळ्यासमोरून हलेना. आमच्या घरी उष्ट्याची एक बादली असते. ताटातलं काही उरलं की त्या बादलीत, आणि बादली संध्याकाळी गाईपुढे. त्यामुळे आग्रह करून वाढलेलं कधी वाया गेलं असं कोणाला वाटलेलंच नाही.

गोठा

सेप यांच्या गाई करड्या रंगाच्या, काळ्याभोर डोळ्यांच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपल्याच वाटल्या, फक्त पाठीला वशिंड नाही आणि गळ्याला लोंबती पोळी नाही. काम संपलं की मी गोठ्यात जाऊन बसायची. त्यांतली आल्मा नावाची गाय गाभण होती. मी तिच्या कुशीवर हात ठेवून सेप यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी बोटांवर मोजून महिन्याभरात विणार असं दाखवलं. गाभण गाईला डोहाळे लागतात, तिला चांगला घास आधी द्यावा, हे आमच्या घरचं शास्त्र. आमची गाय गाभण असली की आई बादली हलवून वरचं मऊ मऊ तिच्यासाठी वेगळं काढते.

तर एका संध्याकाळी मी तेच केलं. ताटांतलं डब्यात ओतायच्या आधी टोपल्यांतले ब्रेडचे तुकडे आणि दोन उकडलेले गोळे एका बादलीत काढले, सेप जेवायला गेल्यावर गोठ्यात गेले आणि आल्माच्या गव्हाणीत टाकले. तिनं ब्रेड खाल्ला, माझा हात चाटला. खरखरीत जिभेचा तो स्पर्श इंझोरीचाच होता. त्या रात्री मी फार सुखानं झोपले.

सकाळी मी कप पुसत होते. सेप स्वयंपाकघरात आले. हातात शेणाचं फावडं नव्हतं, लहान स्वच्छ फावडं होतं आणि त्यावर दोन गोळे. त्यांनी ते फावडं टेबलावर ख्रिस्टासमोर ठेवलं. ख्रिस्टानं गोळ्यांकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. मी हात वर केला.

ख्रिस्टाचा चेहरा पांढरा पडलेला मी तेव्हाच पाहिला. तिनं भराभर सांगितलं. स्वयंपाकघरातलं उरलेलं जनावराला घालायला तिथे कायद्यानं मनाई आहे. गाईंना फक्त गवत आणि वाळला चारा, असं तिनं डेअरीला लिहून दिलेलं आहे आणि त्याच अटीवर दूध चीजला घेतलं जातं. दूध न्यायची गाडी तेव्हा अंगणात उभी होती. त्या गाडीच्या टाकीत गावातल्या सगळ्या घरांचं दूध एकत्र होतं. आमचं दूध त्यात पडलं आणि काही निघालं, तर सगळ्यांचंच ओतून द्यावं लागणार. आणि शेवटी, अगदी हळू आवाजात, ती म्हणाली की त्या गोळ्यांत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात.

माझ्यासाठीचे गोळे पालकाचे असत, म्हणून गोळा म्हणजे पालकाचाच असं मी धरून चालले होते. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही आणि मी गाईच्या तोंडाशी काय नेऊन ठेवलं होतं! दूध, डेअरी, कॉलेज सगळं विसरून मी सेप यांच्यापुढे दोन बोटं नाचवत एकच विचारत राहिले, किती टाकले होते, दोन, किती सापडले? त्यांनी फावड्याकडे बोट दाखवलं. दोन. दोन्ही अख्खे. एकावर जीभ लागल्याची खूण होती, बस. आल्मानं वास घेतला होता आणि बाजूला सारले होते. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले. बरं वाटून रडले, पण ते तिथल्या कोणाला कळलं असेल असं वाटत नाही.

ख्रिस्टानं मला खांद्याला धरून उठवलं. "ब्रेड कोणकोणत्या गाईला दिलास?"

"एकट्या आल्माला."

"नीट आठव. शेजारचीनं मान घातली असेल. एखादा तुकडा?"

"नाही. मी आल्मालाच दिला. ती गाभण आहे म्हणून. आमच्याकडे गाभण गाईला देतात."

ख्रिस्टानं हे सेप यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. म्हाताऱ्यानं ऐकलं आणि खुर्ची ओढून बसला. मग पोटातून हसला. आल्मा विण्याच्या तयारीत होती म्हणून तिला केव्हाच आटवली होती. कित्येक आठवड्यांत तिचा एक थेंब दुधाच्या भांड्यांत गेला नव्हता. ख्रिस्टानं डेअरीला फोन लावला, जे घडलं ते सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. आल्माचं दूध त्यात नाही म्हटल्यावर त्यांनी दूध घ्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं. मग तिनं खिडकीतून गाडीवाल्याला हात केला, दूध भरलं गेलं, गाडी वळणावरून खाली उतरली.

माझं काय करायचं ते मात्र ख्रिस्टा संध्याकाळी सांगणार होती. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. बॅग पलंगाखालून काढून ठेवली होती. इंझोरीत काय सांगायचं याची तालीमही केली.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली, बॅग बघून न बघितल्यासारखं केलं आणि विचारलं, का केलंस? मी आईच्या बादलीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, तुझ्या आईची बादली बरोबरच आहे. तिला ठाऊक असतं त्यात काय आहे, ताटं तिच्या घरचीच असतात. इथल्या ताटांत कुठकुठल्या देशांतनं आलेलं काय असतं मला ठाऊक नाही. सेप तरुण असताना अशाच खरकट्यातून शेजारच्या एका गोठ्यात रोग आला आणि अख्खा गोठा रिकामा करावा लागला. सेप अजून त्या घरावरून जाताना टोपी काढतात. पाहुणे हवेत, ती म्हणाली, पण पाहुण्यांबरोबर जे येतं ते कुठल्या दारापर्यंत येऊ द्यायचं हे आपण ठरवायचं असतं.

परीक्षेत रेघ मारून लिहिलेलं उत्तर मला तेव्हा कळलं. मी विचारलं, मग मी जाऊ?

"कुठे? उद्या नाश्त्याला तू आहेस," ती म्हणाली. "गोठ्यातही जा. फक्त रिकाम्या हातानं."

तेव्हापासून रोज संध्याकाळी गोठ्याच्या दारात मी दोन्ही तळवे उघडून सेप यांना दाखवायची. ते चष्मा पुढे करून नीट तपासायचे, बाह्यासुद्धा झटकायला लावायचे आणि मग बाजूला व्हायचे. आल्माला मे महिन्यात कालवड झाली, त्या दिवशीही आधी तळवे दाखवावे लागले.

डोंगरावरून खाली

जूनमध्ये गाई वरच्या कुरणावर गेल्या. मध्ये पोळा आला. बाबांनी व्हिडिओ कॉलवर आमची जोडी दाखवली. शिंगांना रंग, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. मी फोन सेप यांच्यापुढे धरला. त्यांना झुलीचं काही वाटलं नाही, वशिंडाचंच नवल वाटलं. बोटानं पडद्यावर ते पुन्हा पुन्हा दाबून बघत होते. बाबांनी तिकडून विचारलं, "म्हतारबा काय करून राह्यले?" मी म्हटलं, बैल तपासून राह्यले.

सप्टेंबरात गाई खाली यायचा दिवस असतो. डोंगरावर उन्हाळाभर एकही जनावर दगावलं नाही तरच त्यांना फुलांचे मुकुट घालतात, नाही तर त्या तशाच, बिनसजवलेल्या गावातून येतात. त्यामुळे सगळं गाव आधी वळणाकडे बघत असतं की रंग दिसतो का. यंदा कोणाचंच काही दगावलं नव्हतं. आदल्या दिवशी मी वर गेले. सेप यांनी आल्मासाठी केलेला मुकुट माझ्या हातात दिला, डहाळ्यांचा, कागदी फुलांचा, मध्ये छोटा आरसा. मी सवयीनं तळवे दाखवायला गेले, तर हातात मुकुट. म्हातारा पुन्हा तसाच पोटातून हसला आणि त्यानं वाट मोकळी केली. हातात काही घेऊन गाईजवळ जायची परवानगी मला त्या एकाच दिवशी मिळाली. पोळ्याला बाशिंग बांधायचा सराव होताच. गाठ एकदाही सुटली नाही.

निघताना ख्रिस्टानं चीजचा एक गोल दिला. घेतेस का, एकदाच विचारलं. मी लगेच हो म्हटलं.

पुन्हा इंझोरी

सोयाबीन काढणीला आलं होतं. बस फाट्यावर थांबली तेव्हा थ्रेशरची धूळ उडत होती, बाबांच्या भुवयांवरही तीच. डोंगर कुठेच नव्हता. नजर सुटली ती लांबपर्यंत गेली आणि मला मोठा श्वास घ्यावासा वाटला.

आईनं रोडगे केले होते. कणकेचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले, राख झटकून तुपात बुडवलेले, सोबत वांग्याची भाजी, वरण आणि ठेचा. दोन खाल्ले. पोट भरलं, अगदी खरंच भरलं. आई तिसरा घेऊन आली. मी म्हटलं, नको.

आणि सहा महिन्यांच्या सवयीनं मी ताट आवरायला घेतलं. आता ती पुढे जाईल, असंच मी धरून चालले होते.

आईनं रोडगा फोडला, माझ्या ताटात टाकला आणि वरून तुपाची धार धरली.

"आई, नको म्हटलं नं मी."

"आयकू आलं मले. खाय."

मी खाल्ला. कसा खाल्ला ते विचारू नका, पण शेवटच्या घासापर्यंत खाल्ला, आणि डोळ्यांत पाणी आलं ते काही ठेच्यानं नाही. आई ताटं गोळा करत बादलीशी आली. आमची गाय गाभण आहे, मी नसताना लागलेली. आईनं माझं ताट बादलीवर तिरकं धरलं. त्यातून काहीच पडलं नाही.

"काहून वं, गाईले काईच नाई ठेवलं?"

मी दोन्ही तळवे उघडून तिच्यासमोर धरले.